पुढच्यासाठी सरपण

तीन दिवस गाडी हाकून तौनो आणि त्याचा मेहुणा आउलिस लापलँडमधल्या त्या तळ्याकाठी पोचले. चार दिवस तिथल्या लाकडी निवाऱ्यात राहिले आणि रचून ठेवलेलं सगळं सरपण जाळून बसले. निघायच्या सकाळी तौनोने कुऱ्हाड पुढे केली.

"घे, फोड चार ओंडके. पुढे येणाऱ्याला नकोत?"

आउलिसने तळ्यात पत्र्याचा मग बुडवला आणि घटाघट पाणी प्याला. "पुढे येणारा काय तुमचा जावई लागतो, दाजी?"

"इथली रीत आहे ती."

"रीत गेली खड्ड्यात! माझ्या बहिणीला धड नांदवता आलं नाही, आणि निघालेत परक्यांची चूल पेटवायला!"

पहिला घाव मानेत बसला. मेहुणा गुडघ्यांवर कोसळला, तरी तोंड हलतच होतं, म्हणून तौनोने आणखी दोन घातले.

मग दगड बांधून, होडीने नेऊन त्याला तळ्याच्या मधोमध सोडला. काठावरचं रक्त धुतलं, कुऱ्हाड घासली, कपडे जाळले. पुढच्यासाठी ढीगभर सरपण फोडून रचलं. येणारेजाणारे लिहितात त्या निवाऱ्यातल्या वहीत सवयीने दोन ओळी खरडल्या, आणि समाधानाने गाडीला किल्ली मारली. मागे काही म्हणता काही राहिलं नव्हतं.

 

वहीत लिहिलं होतं: "सरपण भरपूर ठेवलंय. तळ्याचं पाणी मात्र महिनाभर पिऊ नका. – तौनो केरानेन."