पहिल्या पानावरचा खोकला

पुस्तक विकण्याआधी पहिलं पान गिऱ्हाईकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं, ही तात्यांच्या दुकानाची रीत होती. त्या संध्याकाळी देवस्थळीबाईंसाठी वाचता वाचता ते खोकले.

“तात्या, हा नवा कागद आवाज धरून ठेवतो. लोकांना खोकलाही विकणार का?” म्हणत तात्यांची मुलगी सुनेत्रा हसतच घरी गेली.

त्याच रात्री तात्या झोपेतच गेले.

तेराव्यानंतर देवस्थळीबाई ते पुस्तक घेऊन आल्या. “तुझ्याकडेच राहू दे गं.”

सुनेत्रानं पहिलं पान उघडलं. तात्यांचं वाचन, खोकला, तिचा टोमणा, दार लोटल्याचा आवाज. मग हळूच तात्यांचा आवाज, “मुद्दाम खोकतो हो, बाई. तेवढीच हसते ती.”

दुसरं पान अजून मुकं होतं. सुनेत्रानं ते तोंडाजवळ धरलं.

“तात्या, दुकानातल्या कपाटाआड उभी राहून मी रोज ऐकायचे. तुमचं वाचणं मला फार आवडायचं.”