चार नंबरचा दात

“अगं, त्याला सांग, चार नंबरचा दात तोडायचाय,” मोठे सर म्हणाले.

ज्यांना सांगायचं होतं ते छोटे सर चार पावलांवर, विजेच्या पॅनेलच्या उघड्या दारात वाकून उभे होते. शब्द त्यांच्यापर्यंत पोचले होते, हे त्यांच्या ताठ झालेल्या मानेवरून कळत होतं. तरी ती खुर्चीतून वळली आणि म्हणाली, “छोटे सर, चार नंबरचा दात तोडायचाय.”

“त्यांना सांग, तोंडी कामं मी करत नाही. कागदावर द्या.”

ती परत वळली. “मोठे सर, ते म्हणतात—”

“ऐकू येतं मला. बहिरा झालो नाही अजून.”

वर्कशॉप दोघा भावांचं. मोठ्यांनी आराखडे काढून घ्यायचे, धाकट्यांनी त्याबरहुकूम पॅनेल बांधायचं. दोघांमधून विस्तव जात नव्हता. ती इथे डिझायनर म्हणून लागली तेव्हाही असंच होतं, आणि कारण विचारायचं नाही, एवढं तिला पहिल्याच दिवशी उमगलं होतं.

पॅनेलमध्ये खालच्या बाजूला टर्मिनलांची रांग होती. बाहेरून आलेल्या तारा कसायचे ठोकळे, एकाला एक खेटून. त्यातले तीन, चार आणि पाच नंबरचे एका जंपरने जोडलेले होते. जंपर म्हणजे कंगव्यासारखी पट्टी. तिचे दात ज्या ठोकळ्यांत बसतील ते सगळे एक होतात. गिऱ्हाइकाने आज ऐनवेळी बदल सांगितला होता. तीन आणि पाचमध्ये दोनशे तीस व्होल्ट राहणार, पण मधल्या चारमध्ये आता चोवीस व्होल्टवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डाची तार येणार. म्हणजे पट्टी चारच्या डोक्यावरून जायला हवी, पण त्याला शिवायला नको. दात राहिला तर कार्डाचा कोळसा. कार्ड गिऱ्हाइकाचं होतं, आणि असं गिऱ्हाईक त्या दोघांकडे एकच होतं.

सॉफ्टवेअरमध्ये जंपर ही नुसती एक आडवी रेघ असते. जिथे जोड आहे तिथे रेघेवर ठिपका. तिने चारवरचा ठिपका पुसला, प्रत काढली आणि छोट्या सरांना नेऊन दिली. त्यांनी कागद उजेडात धरला.

“इथे ठिपका नाही.”

“नाहीच आहे, सर. तिथे जोड नकोय.”

“नकोय, की छापायचा राहिलाय? या प्रिंटरने मागच्या खेपेला अख्खा फ्यूज गिळला होता.”

मोठे सर स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाले, “त्याला सांग, चष्मा बदल.”

“त्यांना सांग, प्रिंटर बदला.”

तिने दोघांनाही काही सांगितलं नाही. छोट्या सरांचं बोलणं खवचट होतं, पण मुद्दा खोटा नव्हता, हे तिला मान्य करावं लागलं. काढून टाकलेला ठिपका आणि न उमटलेला ठिपका कागदावर अगदी सारखे दिसतात. ‘नाही’ म्हणायचं तर तेही काढून दाखवायला हवं. ती बसली आणि तिने नवं चिन्ह तयार केलं. रेघ चारपाशी आली की कमानीसारखी वर उचलली जाते आणि पलीकडे पाचवर उतरते. सॉफ्टवेअरच्या संग्रहात असं चिन्ह नव्हतं. तिने कमान जरा जास्तच उंच ठेवली. मग प्रिंटची आज्ञा दिली आणि ती कागद आणायला काचेच्या दारापलीकडच्या खोलीत गेली.

प्रिंटर म्हातारा होता. कागद ओढण्याआधी बराच वेळ खडखडायचा. तो खडखडत असताना गिऱ्हाइकाचा माणूस वर्कशॉपमध्ये शिरला आणि घड्याळाकडे बोट दाखवून काही तरी म्हणाला. छोट्या सरांनी मान डोलावली, हातातली पक्कड खाली ठेवली आणि ते पॅनेल चालू करायला मेन स्विचकडे निघाले.

कागद अजून प्रिंटरच्या तोंडात होता. म्हणजे दात अजून जागेवर होता, आणि कार्डाची तार मात्र चारमध्ये जोडून झाली होती. एक तर छोटे सर घाईत विसरले होते, नाहीतर कागदाशिवाय हात न लावण्याचा त्यांचा हट्ट त्यांना फारच लांब घेऊन चालला होता.

मोठे सर उठले. त्यांनी तिच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती. ‘अगं’ म्हणायला उघडलेलं त्यांचं तोंड तिला काचेतून दिसलं. ती धावली, दाराच्या मुठीवर तिचा हात पडला. छोट्या सरांचा हात स्विचवर पोचला होता.

“बाळ्या, थांब!”

काचेतूनही ते लख्ख ऐकू आलं. पन्नाशी उलटलेले, पांढऱ्या मिशांचे छोटे सर जागच्या जागी थिजले. गिऱ्हाइकाचा माणूस हा बाळ्या कोण म्हणून इकडेतिकडे बघू लागला. मग स्विचवरचा हात हळूहळू खाली आला. छोटे सर वळले. तिच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यांचे ओठ हलले. मोठे सर पॅनेलपाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि आत बोट दाखवू लागले. धाकटेही वाकले. थोरल्यांनी न बघता हात मागे केला, धाकट्यांनी त्यात पक्कड ठेवली. दोघांची डोकी पॅनेलच्या दाराआड गेली. काय बोलताहेत ते प्रिंटरच्या खडखडाटात कळत नव्हतं.

कागद बाहेर पडला. कमान स्वच्छ उमटली होती. प्रिंटर गप्प झाला आणि दाराच्या फटीतून एकेक शब्द आत यायला लागला.

तिने मुठीवरचा हात काढला, ती प्रिंटरपाशी परत आली आणि तिने आणखी वीस प्रतींचं बटण दाबलं.