सतरा झेंडू

नवरात्रात रेणुकाईच्या मंदिरातला सीडीप्लेअर बंद पडला, म्हणून श्रीसूक्त सगुणाआत्या म्हणणार होती. लिहितावाचता न येणाऱ्या आत्याने मंदिर झाडताना वीस वर्षं ऐकूनच पाठ केलं होतं. “सगुणे, मेंढरं हाकणं न्हाई हे!” प्रेमलाकाकू म्हणाली. दर ऋचेला गुरुजी एक झेंडू वाहतात. पुस्तकात ऋचा पंधरा. आत्याने भरलेल्या ताटात झेंडू सतरा. मोजणी चुकली समजून मी गुपचूप दोन काढून मुठीत लपवले. आत्याने सुरुवात केली, बायकांनी साथ धरली. नववी ऋचा ती तीनदा म्हणाली. सगळे हसतील म्हणून मी मान खाली घातली. पण प्रेमलाकाकूसकट सगळ्यांनी तीनदाच म्हटली. सीडी नेहमी तिथेच अडकायची. दोन ऋचा बाकी असताना ताट रिकामं झालं. “दरसालचे सतरा कुठं गेले?” गुरुजींनी विचारलं. मी मूठ उघडली.