समोर मांजर होतं

काकूंनी आज पहिल्यांदाच चौथा गिअर टाकला आणि गाडी अशी काही सुटली, की काकू ओरडल्याच.

"बाई, गेली! चौथ्यात गेली!"

बासष्टाव्या वर्षी गाडी शिकायला निघालेल्या काकूंचा आनंद गाडीत मावत नव्हता. उभा जन्म शिवणयंत्राचं पायडल मारण्यात गेलेला. पायडल मारलं की आपणही पुढे जातो, याचं त्यांना अजून नवल वाटत होतं. शेजारी शिकवणाऱ्या बाई, आणि पुढे रस्ता रुंद, सरळ, रिकामा. काकूंनी चक्क गुणगुणायला सुरुवात केली.

तेवढ्यात गाडी करकचून थांबली. काकूंचा चष्मा नाकावरून मांडीत पडला. मागून येणारा ट्रक हॉर्न मारत, जेमतेम वीतभर अंतरावरून निघून गेला. ट्रकवाल्याने जाताजाता दोघींचा उद्धार केला तो वेगळाच.

ब्रेक काकूंनी मारला नव्हता. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. बाईंचा पाय त्यावर घट्ट रुतून बसला होता.

"घ्या बाजूला," बाई कशाबशा म्हणाल्या.

काकूंनी आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि गाडी बाजूला घेतली. सगळं कसं शिकवल्याबरहुकूम.

"समोर मांजर आलं होतं," बाई म्हणाल्या.

काकूंनी चष्मा पुसला. डोळ्यांवर चढवला. पुढचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट न्याहाळला.

"बाई, रागावू नका, पण एक बोलू? मंगळवारी मांजर आलं. परवा मांजर आलं. आजचं तिसरं. मला मेलं एकही दिसलं नाही. माझी झोपच उडाली हो! म्हटलं, गेली आपली नजर, आता कसली गाडी नि कसलं काय. म्हणून आज सकाळी डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाले, काकू, या वयात अशी नजर लाखात एखाद्याची. मग मला सांगा, मांजर गेलं कुठे?"

गाडीखालून पळालं, असं सांगता आलं असतं. शब्द अगदी जिभेच्या टोकावर होते. पण आपल्यामुळे ही बाई स्वतःच्या धडधाकट डोळ्यांवर संशय घेत दवाखान्याची पायरी चढली, हे ऐकून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मांजर नव्हतं, काकू. एकदाही नव्हतं. तुम्ही चालवत होतात ते अगदी बरोबर होतं."

"मग?"

"पाय ब्रेकवर जातो. आपोआप जातो. घरी जेवतानासुद्धा टेबलाखाली दाबते मी. नवरा विचारतो, अगं, भात वाढतेयस की भाताला थांबवतेयस? झोपेत त्याला लाथा बसतात त्या निराळ्याच. सारखं वाटतं, आता काहीतरी आपटणार, कुणीतरी जाणार. मी म्हणत होते, जाईल हळूहळू. आणि आत्ता त्या ट्रकखाली आपण दोघी गेलो असतो. माझ्या पायामुळे."

बोलून झालं आणि बाईंच्या अंगात एकदम वीज संचारल्यासारखं झालं. किती मोकळं वाटत होतं! आता थांबलं तर पुन्हा महिना जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी फोन काढला. काकू तिरक्या नजरेने बघतच होत्या.

"अहो, नळवाल्याला कशाला फोन?"

"नळवाला नाही तो. मनाच्या डॉक्टर आहेत. घरात कुणी विचारू नये म्हणून नाव तसं ठेवलंय. नंबर घेऊन तीन आठवडे झाले, फोन केलाच नाही."

काकूंना हसू आवरेना. मग बाईंनाही आवरेना. पलीकडून फोन उचलला गेला तेव्हा बाई हसत होत्या, आणि दुसऱ्याच वाक्याला त्यांना रडू फुटलं. पण त्यांनी फोन ठेवला नाही. नाव सांगितलं, पाय सांगितला, ट्रक सांगितला.

"साडेचारला या म्हणतात!" त्या जवळजवळ किंचाळल्या. "आजच! कुणाचं तरी रद्द झालंय!"

"आणि आत्ता वाजले किती?"

"चारला पाच कमी. पण काकू, गाडी मी नाही चालवणार."

"तुम्हाला कोण देतंय? पत्ता सांगा!"

बाईंनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या. पाय खाली सोडायलाच नकोत. काकूंनी गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा, आणि मोकळा रस्ता लागताच, "बाई, टाकते हं!" म्हणून चौथा. डावीकडे, आता उजवीकडे, सिग्नल, पुन्हा डावीकडे. एका वळणावर बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचे गुडघे धरून ठेवले. पण काकूंनी वळण असं झोकात घेतलं, की बाईंच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

चार वाजून बावीस मिनिटांनी गाडी एका तीन मजली इमारतीसमोर उभी राहिली. काकूंनी इंजिन बंद केलं. बाईंनी चपला घातल्या, दार उघडलं आणि एक पाय बाहेर ठेवून तशाच बसून राहिल्या.

"एक तास लागेल म्हणाल्या," त्या म्हणाल्या. "काकू, तासाभरात बरं होईल का हो हे?"

"मला चौदा तास झाले, बाई," काकू म्हणाल्या. "अजून रिव्हर्स जमत नाही. जा तुम्ही."