चोच बदलून मिळणार नाही

“बूट काढा सगळ्यांनी!”

सवयीने बोलून गेल्यावर कांचनबाईंच्या लक्षात आलं, की आपण घरी नाही, अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या शाळेत, सातवीच्या वर्गात उभ्या आहोत. पण तोंडातून गेलेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आणि चुकलं तरी काय होतं? वर्गाच्या मधोमध अंथरलेल्या फुलाफुलांच्या चादरीवर तांदूळ, राजमा आणि मॅकरोनी पसरून ठेवली होती. अन्नाच्या चादरीवर बर्फातले बूट? छे!

पोरांना काय, गंमतच. दारापाशी बुटांची रांग लागली. बूट घालून राहिले ते मागच्या खुर्चीतले मिस्टर लिंडक्विस्ट तेवढे. हे वर्गातल्या कॅरनचे वडील, पालक समितीतलं वजनदार प्रस्थ. सजीव बदलत गेले वगैरे आपल्या मुलीला शिकवलेलं त्यांना मुळीच खपत नव्हतं. देवाने घडवलं ते घडवलं. आज ते तास बघणार, आणि हा धडा ठेवायचा की गाळायचा ते मुख्याध्यापकांना सांगणार. गाळला तर सोमवारपासून दगड आणि माती. कांचनबाईंचं दगड-मातीशी काही वैर नव्हतं. पण नागपुरात प्राणिशास्त्र शिकलेल्या बाईने कुणाला भिऊन पक्षी सोडून द्यायचे? त्यांना ते जिवावर आलं होतं.

“तुम्ही सगळे पक्षी,” बाई म्हणाल्या. “हातातलं हत्यार म्हणजे चोच. कागदी पेला म्हणजे पोट. हाताने उचलायचं नाही. शिट्टी वाजेपर्यंत पेल्यावरच्या रेघेपर्यंत जो खाईल तो जगला. बाकीचे मेले, भिंतीशी बसा.”

निम्म्या मुलांना भुवया कोरायचे प्लकर मिळाले आणि निम्म्यांना सांडश्या. सांडश्या गावातल्या मराठी घरांतून गोळा केलेल्या होत्या. त्या दिवशी कितीतरी काकूंनी चहाचं पातेलं फडक्याने उतरवलं असणार.

पहिल्या फेरीत सांडशीवाल्यांचं राज्य. केव्हिन नावाचा दांडगा मुलगा घासाघासाला मॅकरोनी उचलत होता. प्लकरमधून राजमा सटकायचा, मॅकरोनी निसटायची. शिट्टी वाजली तेव्हा प्लकरवाले पटापट भिंतीशी गेले. त्यांच्यातली एकटी कॅरन कशीबशी रेघेला टेकली. मेलेल्यांना बाईंनी पुन्हा जन्म दिला. पण जगलेल्यांची पिल्लं म्हणून. त्यामुळे आता जिकडेतिकडे सांडश्याच झाल्या.

“आता दुष्काळ,” बाई म्हणाल्या आणि राजमा, मॅकरोनी भरून घेतली. चादरीवर उरला नुसता तांदूळ.

केव्हिनची सांडशी चादरच चिमटीत धरायला लागली. “मिसेस बर्वे, मला प्लकर द्या ना! धिस इज नॉट फेअर!”

“पक्ष्याला चोच बदलून मिळत नाही, केव्हिन. जन्माला आला तेव्हा जी होती, ती.”

कॅरनचं लक्ष मात्र चादरीच्या घडीत राहून गेलेल्या एका राजम्यावर. तो धरायला जावं, तर सटके. पुन्हा धरे, पुन्हा सटके. मागची खुर्ची करकरली.

“कॅरन, तो सोड! बारीक वेच, बारीक!”

लिंडक्विस्ट ओरडले आणि नुसते ओरडले नाहीत, दोन ढांगांत चादरीवर आले. बुटाखाली तांदूळ चुरचुरला. कांचनबाई चटकन वाकल्या. बुटापाशी सांडलेल्या दाण्यांना बोटं लावून त्यांनी ती कपाळाला टेकवली. सगळे पक्षी चोची आवरून बघत राहिले.

“हे काय केलंत?” लिंडक्विस्टनी विचारलं.

बाईंच्या मनात आलं, संपलं आता, सोमवारपासून दगड-माती. पण आवाज काही हलला नाही.

“अन्नाला पाय लागला. आमच्याकडे क्षमा मागतात.”

“कुणाची?”

“अन्नाची. आणि ज्याने दिलं त्याची.”

“आमच्या घरीसुद्धा जेवणाआधी हात जोडतात,” लिंडक्विस्ट हळूच म्हणाले.

“मग बूट काढा,” बाई म्हणाल्या.

त्यांनी बूट काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पोरांनी हसू कसंबसं गिळलं. लिंडक्विस्ट मुलीशेजारी गुडघे टेकून बसले आणि तिचा पेला धरून राहिले. कॅरनने राजमा सोडला. मग ती भराभर एकेक दाणा टिपत गेली. शिट्टी वाजली तेव्हा तिचं पोट भरलेलं होतं आणि केव्हिन भिंतीशी मरून पडला होता, जीभ बाहेर काढून.

“सांगा,” बाईंनी विचारलं, “सगळ्यात चांगली चोच कुठली?”

कॅरनने हातातल्या प्लकरकडे पाहिलं, मग केव्हिनकडे.

“चादरीवर काय आहे त्यावर आहे,” ती म्हणाली.

बाईंनी चादरीची टोकं गोळा केली. दाराशी वाकून बूट चढवताना लिंडक्विस्टनी विचारलं, “सोमवारी काय शिकवणार?”

“पाय,” कांचनबाई सांडश्या मोजून पिशवीत टाकत म्हणाल्या. “बदकाचे, घारीचे, झाडावर चढणाऱ्यांचे. पुन्हा हीच चादर.”

लिंडक्विस्टनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं आणि तो बुटात सरकवला.

“मग मी धड मोजे घालून येतो.”