दुसरा नळ

मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी लेकीला क्लास लावायचा बायकोचा हट्ट होता. “मी काय मेलोय का? मीच घेतो तयारी,” असं प्लंबर छातीठोकपणे सांगून बसला. गणितं तर त्याच्या डोक्यावरून जायची, म्हणून त्याने युक्ती काढली. “आधी तू मला समजावून सांग, मग मी चुका काढतो.”

हौदाच्या गणितावर मात्र गाडी रोज अडायची. “एका नळाने हौद भरतोय, दुसऱ्यातून पाणी वाया जातंय, आणि ही माणसं घड्याळ बघत बसलीत? आधी तो दुसरा नळ बंद करा म्हणावं!” लेक कपाळाला हात लावायची आणि पुन्हा पहिल्यापासून समजवायला घ्यायची.

मुलगी पहिली आली. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी कौतुकाने विचारलं, “तुझी तयारी कुणी करून घेतली गं?” आता आपलं बिंग फुटणार, म्हणून प्लंबर कोपऱ्यातल्या बेसिनच्या पाइपाकडे टक लावून बघू लागला.

“बाबांनीच, बाई. तो दुसरा नळ चालू राहू द्यायला त्यांना एकदाचं पटवलं, मग परीक्षेत अवघड असं काही उरलंच नाही.”