तळ्याचं विरजण

परसातल्या तळ्यात रंगीत कोई मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होते. जनार्दनराव काठावर हताश बसले होते.

"मालती गेल्यावर तळ्याची आबाळ नको, म्हणून फिल्टरचा स्पंज मागच्या आठवड्यात नळाखाली घासला. पांढराशुभ्र केला गं!"

"सदरा होता का तो, काका?" शेजारची ऋचा कपाळाला हात लावत म्हणाली. "त्या काळ्या गाळातले जिवाणूच माशांची घाण पचवतात. नळाच्या क्लोरीनने ते मेले. काकू तळ्याच्याच पाण्यात स्पंज नुसता पिळून घ्यायच्या."

जनार्दनरावांनी धापा टाकणाऱ्या माशांकडे पाहिलं. मालतीने इतकी वर्षं जे जिवंत ठेवलं, ते त्यांनी एका दुपारी धुऊन टाकलं होतं.

ऋचा घरी गेली आणि आपल्या माशांच्या टाकीतला बुळबुळीत स्पंज घेऊन आली. त्याचे तिने दोन तुकडे केले.

"माझी टाकी नवी होती, तेव्हा काकूंनीच हा तुमच्या फिल्टरमधून कापून दिला होता. 'विरजण ने गं,' म्हणाल्या. यातला अर्धा तुमचा. चार दिवस माशांचं खाणं बंद ठेवा, आणि रोज थोडं पाणी बदला. नळाचं थेट नको, साठवलेलं घाला."

"म्हणजे हे तिचंच?"

"त्यांचंच. पुन्हा वाढेल."

जनार्दनरावांनी तो तुकडा दोन्ही हातांनी फिल्टरमध्ये अलगद बसवला. बोटं गाळाने काळी झाली. ऋचाने साबण पुढे केला.

"हात धुवा काका, वास राहील."

"राहू दे."